पाठीतलं पाणी

सकाळी साडेआठला फोन वाजला, तेव्हा चाळणबाईंनी खांद्यावरची पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती.

"तुमची ती प्रयोगशाळा माणसं मारते आहे," पलीकडचा आवाज म्हणाला. "यंत्राला सील ठोका. त्या तंत्रज्ञ बाईला घरी बसवा. मग काय ती चौकशी करत बसा."

"कोण बोलतंय?"

"मुलांच्या वॉर्डाचा प्रमुख. लेखी तक्रार कालच पाठवलीय. वाचता येत असेल तर वाचा."

फोन आपटला गेला.

आरोग्य खात्याच्या चौकशी शाखेत त्यांना तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठ वळली की चाळण. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्यांचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. वीस वर्षं त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली होती. मग खात्यानं त्यांना दुसऱ्यांच्या चुका निवडायला बसवलं. बुटकी मूर्ती, जाड चष्मा, आणि कुणी चहा विचारला नाही तरी हलायचं नाही अशी बैठक.

तक्रार एका पानाची होती. सोमवारी नऊ वर्षांची एक मुलगी तापानं फणफणून आली. मान ताठ, उजेड सोसेना, सारख्या उलट्या. मेंदूच्या आवरणाला जंतूंची लागण झाल्याची शंका. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून प्रयोगशाळेत पाठवलं. जलद तपासणीच्या यंत्रानं तासाभरात निकाल दिला : जंतू नाहीत. म्हणून तयार ठेवलेलं अँटिबायोटिक परत कपाटात गेलं. बुधवारी मुलीला झटके आले. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी कुणाला न विचारता औषध सुरू केलं, म्हणून जीव वाचला. पण गुरुवारी ती शुद्धीवर आली, ती आईच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. तिला ऐकू येत नव्हतं.

त्याच दिवशी तिची पाच वर्षांची धाकटी बहीण त्याच लक्षणांनी आली. तिचं पाणी त्याच यंत्रात घातलं. पन्नास मिनिटांत निकाल : जंतू आहेत.

एक घर, एक अंथरूण, एकच आजार, आणि यंत्राची दोन उत्तरं. धाकटीला पहिल्या तासात औषध मिळालं, ती सावरत होती. घरातल्या इतरांनाही प्रतिबंधाच्या गोळ्या दिल्या होत्या. पण थोरलीचा निकाल सोमवारीच खरा आला असता, तर त्या गोळ्या धाकटीलाही सोमवारीच मिळाल्या असत्या.

यंत्र काल दुपारपासून बंद होतं. ते खोटं बोलत असेल तर वर्षभराचे निकाल कचऱ्यात जाणार होते. खरं बोलत असेल, तर माणूस खोटं बोलत होता.

---

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी त्यांना बसा म्हटलं नाही. चाळणबाई स्वतःच खुर्ची ओढून बसल्या.

"यंत्रात खोट नाही," प्रमुख म्हणाले. "मी स्वतः भांडून आणलंय ते. खोट असेल तर हातात. ती बाई कुणाचं ऐकत नाही. दोनदा मेमो दिलाय मी तिला."

"कशाबद्दल?"

"अर्जावर जे मागितलं नाही तेसुद्धा तपासत बसते. मी बजावलंय, डॉक्टरांनी जेवढं मागितलं तेवढंच करायचं. शहाणपणा नको."

"सोमवारी काय मागितलं होतं?"

"मी काय प्रत्येक कागद वाचत बसू?"

"नका वाचू," चाळणबाई उठल्या. "मी वाचते. त्याचाच तर पगार घेते."

तंत्रज्ञ बाई आतल्या खोलीत बंद यंत्रासमोर बसल्या होत्या. सगळी प्रयोगशाळा त्यांना भिंग म्हणे. पन्नाशी उलटलेली, ओठ घट्ट मिटलेले.

"या. दोर आणलाय की इथलाच वापरणार?"

"आधी वही बघू. दोराचं मग बघू."

भिंगबाईंनी नोंदवही समोर टाकली. खरंच टाकली; धूळ उडाली. सोमवारच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं : मुलगी, वय नऊ. नळी एक. मिळाली दहा वीसला. पाच मिली. पाण्यासारखं स्वच्छ. गुरुवारच्या पानावर : मुलगी, वय पाच. दोन मिलीच्या आत. गढूळ.

"सोमवारी मणक्यातल्या पाण्याच्या अशा किती नळ्या आल्या?"

"ही एकच. म्हणजे अदलाबदल झाली म्हणायचीही सोय नाही तुम्हाला."

"काचपट्टीवर काय दिसलं?"

"काहीच नाही. जंतू नाही, पेशी नाही. बशीत वाढवायला ठेवलं, त्यातही चार दिवसांत काही उगवलं नाही. यंत्र बिघडलं असेल म्हणता? मग माझे डोळेही बिघडले आणि बशीही बिघडली. तिघांनी एकाच दिवशी संगनमत केलं."

चाळणबाईंना ही बाई आवडली नाही. पण तिचं बोलणं पटलं.

"अर्ज दाखवा."

थोरलीच्या अर्जावर निळ्या शाईच्या ठसठशीत दोन खुणा होत्या : जलद तपासणी, आणि जंतू वाढवून पाहणे. खाली मोठ्या डॉक्टरांची, म्हणजे सकाळी फोन आपटणाऱ्या वॉर्डप्रमुखांची सही, वेळ दहा सोळा. त्याखालचे दोन चौकोन कोरे होते : पेशींची मोजणी; साखर आणि प्रथिनं.

"त्यांच्या सहीचे आधीचे अर्ज आहेत?"

भिंगबाईंनी फाईल काढली. वर्षभरातले अकरा अर्ज निघाले. चाळणबाईंनी एकेक करून पाहिले आणि बाजूला ठेवले.

"थोरलीचं पाणी उरलंय?"

"सात दिवस ठेवायचा नियम आहे. मी नियमानं वागते, म्हणून तर वाईट आहे." भिंगबाई फ्रीजकडे वळल्या. "परवा वॉर्डातून फोन आला होता. थोरलीचं उरलेलं टाकून द्या म्हणे, उगाच जागा अडते."

"कुणाचा फोन?"

"सिस्टरचा. मी म्हटलं, फ्रीज माझा आहे, तुमचा नाही."

चाळणबाईंनी पिशवीतून लघवी तपासायच्या पट्ट्यांची डबी काढली. वीस वर्षांची सवय. पिशवीत कंगवा नसे, पण ही डबी असे.

"याच्यावर तीन थेंब टाकू. एक थोरलीचा, एक धाकटीचा. आणि तिसरा, गेल्या आठवड्यात धडधाकट निघालेल्या एखाद्या मुलाचा."

"पट्टीचा निकाल कागदावर चालत नाही."

"कागदावर नको. मला कळलं की पुरे."

दोघी पट्ट्यांवर वाकल्या. मिनिटभरात धडधाकट मुलाच्या पट्टीवर साखरेचा चौकोन हिरवा झाला. बाकीचे जवळजवळ तसेच राहिले. धाकटीच्या पट्टीवर साखरेचा चौकोन बदलला नाही, पण प्रथिनांचा गडद हिरवा झाला आणि पांढऱ्या पेशींचा जांभळा. जंतूंनी साखर फस्त केली होती आणि मागे पू ठेवला होता.

थोरलीची पट्टी डबीतून काढली तशीच राहिली. एकही चौकोन हलला नाही.

भिंगबाईंनी थोरलीची नळी उजेडात धरली. "अहो... हे..."

"कुणाशी बोलू नका. यंत्र सुरू करा. वहीत आज सकाळच्या एका बाळाच्या नळीची नोंद दिसली, ती पडून आहे ना? ती आधी लावा. जबाबदारी माझी."

---

सिस्टरनी चाळणबाईंना वॉर्डाच्या दारातच अडवलं.

"इथे आजारी मुलं आहेत. चौकशा बाहेर करा."

"बाहेरच करू. सोमवारी थोरलीच्या पाठीतून पाणी काढलं तेव्हा खोलीत कोण होतं?"

"मोठे डॉक्टर आणि मी."

"ड्युटीच्या डॉक्टरीणबाई?"

"त्या सोमवारी रजेवर होत्या. एरवी त्याच काढतात."

"मुलीला कुणी धरलं?"

"मी. दुसरं कोण धरणार?"

"कसं धरलंत?"

"कुशीवर घेऊन, गुडघे पोटाशी, मान छातीशी. असं मुटकुळं करून. मला शिकवताय?"

"शिकतेय. नळी प्रयोगशाळेत कुणी नेली?"

"मीच."

"वाटेत पडली, फुटली, सांडली?"

सिस्टरच्या कपाळावर शीर उठली. "म्हणजे आता माझ्यावर खापर! तिकडे यंत्र बिघडलं, त्यांनी तुम्हाला माझ्याकडे पिटाळलं, होय ना? माझ्या हातून आजवर साधी बाटली फुटली नाही."

"मग परवा फोन करून उरलेलं पाणी फेकायला का सांगितलंत?"

पाठीमागच्या काचेतून मोठे डॉक्टर जाताना दिसले. सिस्टरनी तिकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली घातली.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

थोरलीची आई दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर बसली होती. एक हात थोरलीच्या पायावर, दुसरा धाकटीच्या. ती काही चाळणबाईंना पाहून उठली नाही.

"तुम्ही चौथ्या," ती म्हणाली. "आधीचे तिघे म्हणाले, यंत्राची चूक. यंत्राला मुलं असतात का हो? मी भांडू कुणाशी?"

"मला सोमवारचं सांगा. पाणी काढलं तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"सही घेतली आणि मला बाहेर जा म्हणाले. आतून पोरगी किंचाळली. एकदा, मग परत एकदा. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, मी दारातच कोसळले."

"मग?"

"सिस्टर आतून धावत आल्या. मला बाकावर घेतलं, पाणी पाजलं, वारा घातला. तेवढं मात्र माणुसकीनं केलं त्यांनी. डॉक्टर आतून ओरडत होते, या म्हणून. पण मी त्यांचा हातच सोडला नाही."

"किती वेळ?"

"डॉक्टर हातमोजे काढत बाहेर येईपर्यंत. झालं म्हणाले, मिळालं पाणी, काळजी करू नका, साधा ताप आहे."

चाळणबाईंनी परवानगी विचारून थोरलीला हळूच कुशीवर वळवलं. कमरेच्या वर दोन सुकलेले ठिपके होते, एकमेकांपासून दोन बोटांवर. एकाच्या भोवती पिवळटलेली सूज. मुलीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

खाली जाताना त्यांनी प्रयोगशाळेत डोकावलं. बाळाच्या नळीचा निकाल आला होता : जंतू आहेत. भिंगबाईंनी आधीच वॉर्डात फोन केला होता. तिकडून फोन घेणाऱ्यानं विचारलं होतं, यंत्राला सील ठोकलं नाही का अजून.

---

दुपारी तीनला प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या खोलीत सगळे जमले. कुणी कुणाशेजारी बसलं नाही. मोठे डॉक्टर खिडकीशी उभे होते. उंच, करड्या केसांचे, आवाजात कायम हुकूम. वॉर्डातल्या निम्म्या डॉक्टरांना मणक्यात सुई घालायला त्यांनीच शिकवलं होतं.

"मला अख्खा वॉर्ड बघायचाय," ते म्हणाले. "बाईंना निलंबित केलं की नाही?"

"नाही. यंत्र ठीक आहे. बाईही ठीक आहेत."

"मग माझ्या पेशंटचं पाणी स्वच्छ कसं निघालं?"

"कारण ते तुमच्या पेशंटचं नव्हतं," चाळणबाई म्हणाल्या.

प्रमुखांनी समोरची फाईल मिटली.

"निरोगी माणसाच्या पाठीतल्या पाण्यात साखर असते. आजाऱ्याची साखर जाते, पण तिथे पू आणि प्रथिनं येतात. काही ना काही सापडतंच. थोरलीच्या नळीत ना साखर, ना प्रथिनं, ना एक पेशी. ते पाणी आजारी नाही आणि निरोगीही नाही. ते कुणाच्याच पाठीतलं नाही. सलाईनच्या बाटलीतलं आहे."

"मग यंत्रानं ते ओळखलं कसं नाही?" प्रमुखांनी विचारलं.

"यंत्राला आपण एकच विचारतो, जंतू आहेत का. सलाईनमध्ये जंतू नसतात. ते नाही म्हणालं. खरंच बोललं."

"चोराच्या उलट्या बोंबा!" मोठे डॉक्टर गरजले. "नळी सिस्टरनी नेली. वाटेत सांडली असेल, भरली असेल सलाईननं. मला काय विचारता?"

सिस्टर ताडकन उभ्या राहिल्या.

"मलाही आधी तेच वाटलं," चाळणबाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांनी उरलेलं पाणी फेकायला सांगितलं होतं. पोरीला धरल्याचंही मला खोटं सांगितलं. पण हा अर्ज बघा. अर्ज नळी वॉर्डातून निघण्याआधी भरतात, आणि भरलाय तुम्ही. वर्षभरातले तुमचे अकरा अर्ज मी पाहिले. सगळ्यांवर चार चार खुणा आहेत. बारावा हा. यावर दोन. साखर, प्रथिनं आणि पेशी नेमक्या वगळल्यात. त्या तपासल्या असत्या तर सलाईन दहा मिनिटांत उघडं पडलं असतं. नळी वाटेत फुटली असती, तर अर्जावर नेहमीच्या चार खुणा असत्या. नळीत काय आहे, हे अर्ज भरणाऱ्याला लिहितानाच ठाऊक होतं."

मोठ्या डॉक्टरांनी अर्ज हातात घेतला आणि परत टेबलावर टाकला.

"आणि या बाईंना मनाई होती," चाळणबाईंनी प्रमुखांकडे पाहिलं, "न मागितलेलं तपासायची. तुमच्या मेमोनं चोराला दार उघडून दिलं. त्याचाही वेगळा कागद होईल."

प्रमुखांनी फाईल बाजूला सारली.

"सिस्टर, आता तुम्ही सांगा. मुलीला कुणी धरलं होतं?"

सिस्टर अजून उभ्याच होत्या. "दोन वेळा मी धरलं. दोन्ही वेळा सुई हाडावर गेली. मग बाहेर आई कोसळली, मी धावले. डॉक्टर हाका मारत राहिले, पण त्या बाईंनी हात सोडला नाही. आत गेले तेव्हा टेबलावर नळी काठोकाठ भरलेली. मी विचारलं, एकट्यानं कसं काढलंत? म्हणाले, अनुभव. तडफडणारी पोर एकट्यानं धरून सुई घालणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. तरी गप्प बसले. मग परवा म्हणाले, उरलेलं फेकायला सांगा. तेव्हा कळलं. मला निवृत्तीला दोन वर्षं आहेत, मॅडम. मी भ्याले."

मोठे डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. बोलले तेव्हा आवाजातला हुकूम गेला होता, पण ताठा तसाच होता.

"तो व्हायरल ताप होता. तीस वर्षं मी हेच बघतोय. पोर ताठ झाली होती, सुई जात नव्हती. निकाल काय येणार ते मला माहीत होतं."

"म्हणून तुम्ही निकाल नळीत भरून पाठवलात."

"उगाच तिसऱ्यांदा का टोचायचं?"

"जमलं नाही असं लिहिता आलं असतं. तयार असलेलं औषध देता आलं असतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना सांगता आलं असतं."

"त्या पोरीला? काल शिकून आलेल्या?" ते उसळून म्हणाले, आणि म्हणताक्षणी थांबले. त्याच पोरीनं बुधवारी कुणाला न विचारता औषध दिलं होतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"तक्रारही तुम्हीच केलीत," भिंगबाई पहिल्यांदाच बोलल्या. "नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगण म्हणून मी."

---

चाळणबाईंनी अहवाल तिथेच बसून लिहिला. प्रत्येकाची सही घेतली. मग त्या वर गेल्या आणि थोरलीच्या आईला सगळं सांगितलं, सलाईनसकट. काही मऊ केलं नाही.

आईनं शेवटपर्यंत ऐकलं. "हिला परत ऐकू येईल?"

"डाव्या कानाला थोडं येईल, असं तपासणारे म्हणतात. उजव्याला नाही."

"बरं झालं सरळ सांगितलंत." ती स्टुलावरून उठली. "त्यांना इथे बोलवा."

"त्यांच्याशी बोलायला तुम्ही बांधील नाही. पोलिसांत तक्रार..."

"ती करीनच. आधी इथे बोलवा."

मोठे डॉक्टर आले. दारात थबकले, मग खाटेच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. वॉर्डातल्या बाकीच्या मुलांच्या आया इकडे वळल्या.

"ताई, झालं ते..." त्यांनी सुरुवात केली.

"मला नको सांगू." तिनं सरळ एकेरीवर येत, धाकटीच्या खाटेवरची चित्रकलेची वही उचलून कोरं पान काढलं आणि पेन्सिलीसकट त्यांच्यापुढे धरलं. "हिला सांग. ही काल दिवसभर मला खुणेनं विचारतेय, सगळे गप्प का झालेत. चौथीत आहे. वाचता येतं हिला. काय केलंस ते लिही."

"असं कसं... हे मुलीला..."

"मोठ्या अक्षरात."

त्यांनी चाळणबाईंकडे पाहिलं. चाळणबाईंनी भिंतीला टेकवलेली खुर्ची उचलून त्यांच्यामागे आणून ठेवली.

डॉक्टर बसले. वही गुडघ्यावर घेतली. मग त्यांनी लिहिलं, आणि थोरली उशीवरून मान उंचावून एकेक अक्षर ओठांनी जुळवत वाचू लागली : माझी सुई चुकली.

तिनं आईकडे पाहिलं, मग परत त्यांच्याकडे.

"पुढे," आई म्हणाली. "तिथे थांबू नकोस. पुढे लिही."